लायटर

रात्री साडेनऊला, दुधाला विरजण लावून झालं
की मी पिस्तूल बाहेर काढते.
मॅगझिन वेगळं. स्लाइड मागे.
आधी डोळ्यांनी बघते,
मग करंगळीच्या टोकानं चाचपते ती कड,
आंधळ्यानं नाणं ओळखावं तसं
तिथलं काहीच नसणं ओळखते.
आणि पुन्हा एकदा.
काडतुसं आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात.
किल्ली गळ्यात, काळ्या मण्यांच्या शेजारी.

पूर्वेची भिंत चार इंची विटांची,
पलीकडे तुळपुळेबाईंचा पलंग.
म्हणून पश्चिमेचा काँक्रीटचा खांब.
त्यावर कोरा कागद, ठिपकासुद्धा नाही.
ठिपका असला की डोळा त्याच्याकडे पळतो
आणि मला बघायची असते फक्त माशी,
ती बसल्या जागी बसून राहते का.

टक.

उडाली.

पुन्हा.

गेल्या महिन्यात बालेवाडीला
पाचव्या फैरीला काडतूस आत जाईना,
गेलं ते बाहेर येईना.
मग खडकीला उजगरे सरांकडे.
फॅक्टरीतून निवृत्त, गॅलरीत टेबल, टेबलावर भिंग,
भिंगाखाली माझ्या पिस्तुलाचा छोटासा गुन्हा:
चेंबरच्या ओठावर एक खळी, तिच्या कडेला उचललेला चरा.
"रिकामं किती चालवलंस?"
मोजलं नव्हतं. दोन वर्षं, रोज वीस मिनिटं.
"मोठ्या बोअरची पिन मधोमध येते.
पुढे काही नसलं तर हवेत थांबते, बहुतेक वेळा सोसतं.
जुनं हत्यार असलं तर मोडतेही.
तुझी बावीस. हिची पिन कडेवर मारते.
काडतूस नसलं की कड कुणाची? हिचीच."
बोलता बोलता ते चरा घासत होते,
बाळाचं नख कापावं इतक्या बेतानं.

पिन नवी मागवावी लागणार होती. पिस्तूल तिथेच राहिलं,
मी पावती घेऊन परत धायरीला, दोन बस बदलून.
वाटेत बोहरी आळीत उतरले,
भिंतीत स्क्रू बसवायला घालतात ते
पिवळे प्लास्टिकचे प्लग घेतले, शंभर नग.
सर म्हणाले होते, मापाचा आण, मी बसवून बघतो,
पिनेला मारायला काहीतरी मऊ दे.
दुकानदार म्हणाला, "ताई, ड्रिल कितीचं आहे?"
मी म्हटलं, "ड्रिल नाही."
त्यानं मान हलवली. पुण्यात गिऱ्हाईक असंही येतं.

तुळपुळेबाईंशी माझं बोलणं म्हणजे
जिन्यातलं, पिशवी या हातातून त्या हातात घेईपर्यंतचं.
मागे एकदा म्हणाल्या होत्या,
"रोज रात्री टक टक, टक टक. गॅस पेटत नाही का?
लायटर बदला एकदाचा, साठ रुपयांना मिळतो."
हो म्हटलं. घरात पिस्तूल आहे
हे जिन्यात सांगायचं नसतं.

परवा त्यांनी बेल वाजवली.
आत आल्या नाहीत. चप्पल काढू की नको अशा उभ्या.
"चार दिवस झाले, लायटर ऐकू आला नाही.
बरी आहेस ना?"
"दुरुस्तीला दिलाय."
"लायटर? दुरुस्तीला?"
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "लवकर आण बाई.
तो वाजला की मी गोळी घेते, दिवा मालवते.
हे गेल्यापासून घड्याळाकडे बघवत नाही."

रात्री साडेनऊ.
खांबासमोर रिकाम्या हातानं उभी राहिले,
हात ताणला, श्वास अर्धा सोडला,
तर्जनी हवेत हळूहळू मागे.
मनगट हललं नाही. मार्क बरे पडले असते.
पण आवाज झाला नाही.

मग स्वयंपाकघरात गेले.
बर्नर बंद. रेग्युलेटर बंद.
डोळ्यांनी बघितलं, बोटानं चाचपलं,
पुन्हा एकदा.
लायटर घेतला, पूर्वेच्या भिंतीजवळ आले
आणि अगदी सावकाश, झटका न देता

टक.

पलीकडे गोळीच्या पाकिटाचा चुरचुर आवाज,
पाण्याचा घोट,
बटण.